सगळ्यांनी हात वर केला

खिडकीवरून भांडण पेटलं तेव्हा शेरालीची व्हॅन नारिनच्या स्टँडवरून निघून जेमतेम गावाबाहेर पडली होती. त्या गाडीत उघडणारी खिडकी एकच होती. तिच्यापाशी बसली होती कानिशाय. तिला गाडी लागायची. तिच्या बरोब्बर मागे मेंढ्यांचा व्यापारी सापारबेक, दोन्ही कानांत कापूस घालून.

"ताई, खिडकी लावा. माझा कान जाईल."

"लावते की. पण मग माझा सकाळचा नाश्ता तुमच्या टोपीत येईल. चालेल का बघा."

"टोपी नवीन आहे."

"म्हणूनच विचारलं."

शेरालीने आरशातून दोघांकडे पाहिलं. बिश्केकच्या रस्त्यावर गाडी चालवून चालवून त्याचं एक शास्त्र तयार झालं होतं. ते तो प्रत्येक फेरीला ऐकवायचा. "गाडी माझी, खिडकी माझी. ज्यांना भांडायचंय त्यांनी खाली उतरून भांडा. परतताना घेऊन जाईन."

एरवी एवढ्यावर गाडी गप्प व्हायची. पण आज त्याच्या पाठीमागच्या बाकावर बुरुलकान बाई बसल्या होत्या. निवृत्त होईपर्यंत अत-बाशीच्या शाळेत त्या 'माणूस आणि समाज' हा विषय शिकवत, आणि शेराली त्यांच्याच हाताखालून गेला होता. अजूनही त्या खोकल्या की तो पाठ ताठ करायचा. बाई बिश्केकला आपल्या मुलीकडे निघाल्या होत्या. मांडीवर जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी होती.

"शेराली."

"जी बाई."

"खिडकी तुझी, कबूल. थंडी कोणाची?"

शेरालीने उगाच गिअर बदलला.

"आणि मळमळ कोणाची?"

असले प्रश्न बाई वर्गातही विचारत आणि तेव्हाही शेरालीला उत्तर यायचं नाही. "मग काय करू म्हणता?"

"विचार. ज्यांना त्रास होतोय त्यांना आणि बाकीच्यांनाही."

बाईंनी मग मागे वळून, वर्गात वळत तशाच, हात वर करायला सांगितले. ठरलं असं की खिडकी अर्धी उघडी राहील आणि सापारबेक पलीकडच्या बाजूला बसेल. सापारबेकने जागा बदलली, कानिशायने मोठा श्वास घेतला, भांडण मिटलं. इतक्या सहज मिटलं की सगळ्यांनाच त्याची चटक लागली. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

डोलोनची खिंड चढेपर्यंत गाडीने गाणी कोणती लावायची ते हात वर करून ठरवलं, आवाज किती ठेवायचा ते ठरवलं, खिंडीत वर थांबून फोटो काढायचे की नाही तेही ठरवलं. एका कॉलेजच्या पोराने सिगारेटीचा ठराव मांडला, तो पडला. शेरालीच्या तोंडावर आधी आंबट चुका खाल्ल्यासारखा भाव होता. पण हळूहळू त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपण एकट्याने ठरवलं की शिव्या एकट्याला बसतात. सगळ्यांनी ठरवलं की त्या वाटल्या जातात. ही सोय त्याला फार आवडली.

"बाई, हे तुम्ही शाळेत शिकवलं होतं ना?"

"वर्षभर तेच शिकवत होते. तू खिडकीबाहेर बघत होतास."

खिंड उतरून गाडी कोचकोरच्या बाजूला आली आणि शेरालीचा फोन वाजला. बोलणं संपल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, एक विषय आहे. माझ्या चुलतभावाच्या मुलाचं आज लग्न आहे. रस्त्यापासून थोडंसं आत गाव आहे. मला तोंड दाखवायलाच हवं. अर्धा तास. गरम मांस, चहा, ताजे तळलेले बोरसोक, सगळं आहे. पण मी काही बोलत नाही. तुम्ही ठरवा."

सापारबेकने कानिशायकडे पाहिलं. कानिशायने बाईंकडे पाहिलं. बाईंनी आरशातल्या शेरालीच्या डोळ्यांकडे पाहिलं. खाटकाच्या दाराशी बसलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत जे असतं ते त्या डोळ्यांत होतं. मग एक हात वर गेला, त्याला बघून दुसरा, आणि बघता बघता सगळ्या गाडीचे हात छताला टेकले. शेवटच्या बाकावर कोपऱ्यात, नव्या सुना बांधतात तसा डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक तरुण सून बसली होती. पर्स छातीशी धरून ती नारिनपासून एक शब्द बोलली नव्हती. सगळ्यांचे हात वर गेलेले पाहून तिनेही आपला हात खांद्यापर्यंत नेला.

"एकमताने," बुरुलकान बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. इतका शहाणा वर्ग त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

लग्नघरी व्हॅन थांबली तेव्हा मांडवातून चार माणसं धावत आली. नवरीचा मामा आणि तिच्याकडची मंडळी नारिनहून यायची होती. नारिनची नंबरप्लेट दिसली, आतून टोपीवाला वयस्क माणूस उतरला, मागून एक करारी म्हातारी उतरली. त्यांना आणखी काय हवं होतं. कोणी काही बोलायच्या आत सापारबेकच्या अंगावर नवा झगा चढला आणि त्याला मानाच्या जागी, दाराच्या थेट समोर, गाद्यांवर बसवण्यात आलं.

"अहो, मी मेंढ्यांचा व्यापारी," तो सांगत होता.

"बघा, किती साधा माणूस," यजमान शेजाऱ्याला म्हणाला. "एवढा मोठा मामा, पण जराही तोरा नाही."

मग मेंढीचं मुंडकं आलं. ते मानाच्या पाहुण्यापुढे येतं, आणि एकदा आलं की सुटका नाही. त्याने सुरी घ्यायची, एकेक भाग कापून ज्याला त्याला द्यायचा, कान लहान पोरांना द्यायचे, आणि मग आशीर्वाद द्यायचा. मेंढ्या विकण्यात सापारबेकचा जन्म गेला होता. पण मुंडकं त्याच्यापुढे कधी कोणी ठेवलं नव्हतं. डोळे पाणावून तो कापत बसला. तो उठेना, म्हणून बाकीच्यांना उठता येईना. यजमानीणबाईंनी कानिशायचा कप तीनदा भरला, बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि बाई दोन शब्दांत आटोपणाऱ्यांपैकी नव्हत्या. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. एवढ्यात नवरीचा खरा मामा आला. सगळा प्रकार कळल्यावर तो इतका हसला की सापारबेकला मिठी मारून त्याच्या शेजारीच बसला, आणि मुंडकं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

पाय मोकळे करायला म्हणून बुरुलकान बाई बाहेर आल्या. कढयांच्या मागे, धुराच्या आडोशाला, ती पांढऱ्या रुमालाची पोर रडत उभी होती.

"काय गं? धूर गेला का डोळ्यांत?"

"हो," ती म्हणाली. आणि आणखी जोरात रडायला लागली.

बाईंनी तिला ओंजळभर पाणी दिलं आणि वाट पाहिली. शिकवण्याचा निम्मा धंदा वाट पाहण्याचाच असतो. जरा वेळाने ती बोलायला लागली. नाव बेगिमाई. नवरा तिलेक. तो संध्याकाळच्या विमानाने रशियाला कामाला निघाला होता. तिकडे एका बांधकामावर नोकरी ठरली होती. चार दिवस आधी तो बिश्केकला मित्राकडे जाऊन राहिला आणि पासपोर्टच घरी विसरला. रजयांच्या थप्पीखाली सापडला. तो आता तिच्या पर्समध्ये होता.

"अगं, मग तू पासपोर्ट ड्रायव्हरकडे द्यायचास. सगळे तसंच पाठवतात."

"सासरे म्हणाले, ड्रायव्हर लोकांच्या हाती काही द्यायचं नाही. वाटेत कुठेतरी जेवायला बसतात."

बाईंनी मांडवात जेवत बसलेल्या शेरालीकडे पाहिलं.

"पण तू हात वर केलास ना? मी मोजले. एकमत होतं."

"सगळ्यांनी केला, बाई. तुम्ही सगळी मोठी माणसं. मी एकटी नाही कशी म्हणणार?"

बुरुलकान बाई तशाच उभ्या राहिल्या. कढईतला रस्सा रटरटत होता. आयुष्यभर आपण पोरांना हात वर करायला शिकवलं, त्यांच्या मनात आलं. हात वर करायच्या आधी कोपऱ्यातल्या पोराला विचारायचं असतं, हे पुस्तकात होतं. आपण पुस्तकातलं शिकवलं, आणि गाडीत बसल्यावर नुसते हात मोजले.

त्या मांडवात शिरल्या. त्यांनी नुसता खोकला काढला आणि शेरालीच्या हातातला बोरसोक खाली पडला.

पाच मिनिटांत गाडी रस्त्याला लागली. सापारबेकच्या अंगावर झगा तसाच होता. यजमानांनी तो परत घ्यायला नकार दिला होता. वर मांसाची एक पिशवीही दिली होती.

"आता मला एक सांगा," बाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. "खरं सांगायचं. लग्नाला जायचं कोणाच्या मनात होतं?"

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

"सापारबेक, तुम्ही?"

"मला बाजारात पोचायचं होतं. पण ही ताई आजारी दिसत होती. म्हटलं, बिचारीच्या पोटात चहा जाईल."

"मला?" कानिशाय म्हणाली. "मला लग्नाच्या नावानेच मळमळतं. पण बाई थकल्यासारख्या दिसल्या."

"मी थकले नव्हते," बाई म्हणाल्या. "मला शेरालीचं वाईट वाटलं."

सगळ्यांनी शेरालीकडे पाहिलं. त्याची मान लाल झाली होती. "मला तर जायचंच नव्हतं. माझं आणि त्या चुलतभावाचं दोन वर्षं बोलणं नाही. पण फोन आला, आणि तुम्ही सगळे नाही म्हणाल, मग त्याला सांगायला बरं, म्हणून मी ठराव मांडला. तुम्ही लगेच हात वर केले. आता पाहुण्यांचं मन कसं मोडायचं?"

मग कॉलेजच्या पोराला हसू फुटलं, त्याच्यामागून कानिशायला, आणि शेवटी सापारबेकलाही. फक्त बेगिमाई हसली नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

"बेटा, या वेळी पहिलं तू सांग," बाई म्हणाल्या. "काय करायचं?"

सगळी गाडी तिच्याकडे वळली. तिचे कान तांबडे झाले. पर्सच्या पट्ट्याशी खेळत ती अगदी हळू म्हणाली, "थेट विमानतळावर जाता येईल का? वाटेत कोणाला न सोडता?"

"येईल," शेराली म्हणाला. "पण ज्यांना आधी उतरायचंय त्यांचा उशीर होईल. प्रत्येकाला विचारायला हवं."

बाईंनी त्याच्या मानेकडे कौतुकाने पाहिलं. त्याने खरंच प्रत्येकाला विचारलं. सापारबेक म्हणाला की बाजार तसाही बुडाला, आणि या झग्यात बाजारात गेलो तर लोक मला मेंढी फुकट मागतील. कानिशाय म्हणाली, खिडकी पूर्ण उघडी ठेवणार असाल तर मी रशियापर्यंत यायला तयार आहे.

बोओम घाटात फोन लागत नव्हता. घाट उतरल्यावर लागला. बेगिमाईने नवऱ्याला उशीर होत असल्याचं कळवलं. त्याचं उत्तर आलं ते तिने वाचून दाखवलं, "घाई करू नकोस. सावकाश ये."

"किती समजूतदार पोरगा आहे," कानिशाय म्हणाली. "माझ्या नवऱ्याने आतापर्यंत फोनवरून माझं खानदान काढलं असतं."

समजूतदार पोराच्या कौतुकाने शेरालीने गाडी अशी हाणली की तोकमोकच्या अलीकडे वाहतूक पोलिसाने काठी आडवी केलीच.

"वेग किती होता, माहिती आहे?"

"साहेब, कारण आहे," शेराली म्हणाला.

"सांगा."

"एकेकाने बोला," बुरुलकान बाई मागून म्हणाल्या. "कोणी कोणाला तोडायचं नाही. सापारबेक, तुमच्यापासून."

सापारबेकने झगा सावरून खिडकीच्या वेळच्या कानदुखीपासून सुरुवात केली. त्याचं होईपर्यंत पोलिसाने तीन वेळा घड्याळ पाहिलं. मग कानिशायने नाश्त्याचा विषय घेतला. तिसऱ्या बाकावरच्या माणसाने आधीच्या दोघांच्या एका मुद्द्याशी आपण सहमत नसल्याचं सांगितलं.

"अजून किती जण आहेत?" पोलिसाने विचारलं.

"सगळेच," बाई म्हणाल्या. "तुमचंही म्हणणं आम्ही ऐकून घेऊ. शेवटी."

पोलिसाने काठी बाजूला घेतली. "जा. पण हळू जा. आणि पुन्हा माझ्या नाक्यावर थांबू नका."

विमानतळावर पोचले तेव्हा वेळ अजून हातात होती, थोडीच. गाडी पुरती थांबायच्या आत दार सरकलं. पुढे बेगिमाई, तिच्यामागे झग्यातला सापारबेक, मागून मुरंब्याची बरणी सांभाळत बाई, आणि त्यांच्यामागे अख्खी गाडी, अशी वरात काचेच्या दाराशी आली. तिलेक तिथे बॅगेवर बसला होता. उंच, किडकिडीत पोरगा. बेगिमाईने पासपोर्ट काढून त्याच्या हातात ठेवला, आणि मागच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेरालीने शिट्टीही मारली.

तिलेकने पासपोर्टाकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल बघावा तसा त्याचा चेहरा उतरला.

"पोचलात," तो म्हणाला.

"पोचवलं," शेराली अभिमानाने म्हणाला. "घाटात कोणालाही विचारा, आज माझ्या पुढे कोणी गेलं नाही."

"मला वाटलं, तुम्हाला वेळ होईल."

टाळ्या एकेक करून थांबल्या. बेगिमाई नवऱ्याकडे बघत होती.

"रजयांखाली कसा गेला पासपोर्ट?" तिने विचारलं.

तिलेकने मान खाली घातली. सगळ्यांसमोर बोलावं की नाही, असं त्याला झालं असावं. पण त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्याला कळलं की ही माणसं आता हलणार नाहीत. "मीच ठेवला होता," तो म्हणाला. "मला जायचं नाही. बाबांनी घरात सगळ्यांना बसवून विचारलं, तेव्हा आईने मान हलवली, काकाने हलवली, तूही हलवलीस. मग मी काय म्हणणार? म्हटलं, पासपोर्ट नाही, विमान चुकलं, की आपोआप सुटेल."

"मी हलवली, कारण तू हलवलीस," बेगिमाई म्हणाली.

"मी तर तुझ्याकडे बघून हलवली."

मागे कोणीतरी डोक्याला हात लावला. सापारबेक मंडळींकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "मला वाटतं, याने जाऊ नये. हात वर करा."

दोन-तीन हात वर निघालेही.

"खाली घ्या," शेराली म्हणाला. तो मोठ्याने बोलला नव्हता, तरी हात खाली आले. "हे आपल्या हातांचं काम नाही. संसार त्यांचा आहे. त्यांचं त्यांना ठरवू द्या. आपण तिकडे तोंड करून उभे राहू."

आणि तो स्वतः पाठ फिरवून गाड्यांच्या दिशेने बघत उभा राहिला. बाकीचेही वळले. बुरुलकान बाई शेवटी वळल्या. वर्गात खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या त्या पोराच्या शेजारी त्या उभ्या राहिल्या आणि मुरंब्याची बरणी त्यांनी त्याच्या हातात दिली.

"हे तर तुमच्या मुलीसाठी ना, बाई?"

"तिला पुढच्या वेळी."

पाठीमागे ती दोघं बराच वेळ बोलत होती. एकदा रडण्याचा आवाज आला, एकदा हसण्याचा. विमानाची शेवटची सूचना होऊन गेली. मग बेगिमाई पुढे आली. "आम्ही घरी जातोय. हा नारिनमध्येच सुतारकाम बघणार आहे. त्याला ते येतं. रशियाला तो विटाच उचलणार होता."

तेवढ्यात तिलेकचा फोन वाजला. पडद्यावर 'बाबा' दिसलं आणि त्याने फोन विंचू धरावा तसा धरला. एका पोलिसाला गप्प करणारी गाडी आता बुटांकडे बघत होती. रीतीप्रमाणे त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे, मध्ये सासूबाई लागत. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी बेगिमाईचा निरोप जायचा तो दुसऱ्याच्या तोंडून.

तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"बाबा, मी बेगिमाई. आम्हाला काही सांगायचंय. आधी सगळं ऐकून घ्या, मग तुमचं सांगा. आम्हीही ऐकू."

आणि तिने सांगितलं. पासपोर्टाचं, गाडीतल्या बाईंचं, मान हलवण्याचं, सुतारकामाचं. आवाज कापत होता, पण थांबला नाही. सांगून झाल्यावर तिने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा पुढे धरला. मग म्हाताऱ्याचा जाडाभरडा आवाज आला.

"शेजाऱ्यांची सगळी पोरं गेली. मला वाटलं, याचंही मन तिकडेच असेल. माझ्यासाठी अडकायला नको, म्हणून मी जा म्हणालो." तो जरा थांबला. "गवत कापायचं पडलंय. त्याला लवकर घेऊन या. आणि सोबत कोण बाई आहेत म्हणालीस, त्यांना फोन दे."

बुरुलकान बाईंनी फोन घेतला. दुसऱ्याची सून बिघडवल्याबद्दल बोलणी खायची त्यांनी मनाची तयारी केली होती. नाही तरी चूक होतीच, नुसते हात मोजल्याची. त्यांनी पाठ ताठ केली.

"बोला."

"बाई, देव तुमचं भलं करो," म्हातारा म्हणाला. "दोन वर्षांत आज पहिल्यांदा सुनेचा आवाज ऐकला. चांगला आहे हो आवाज. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."